अप्परच्या तारेवरचे दिवे

मोटारीच्या नाकावर मागाहून बसवलेल्या कोणत्याही दिव्याला गॅरेजात सरसकट ‘फॉग’ म्हणतात. झोत लांब जाणारा असो की जवळ पसरणारा, नाव तेच. या एका नावाने बराच घोटाळा केला आहे. खरा धुक्याचा दिवा रुंद आणि बुटका झोत टाकतो. झोताची वरची कड फूटपट्टी लावून आखल्यासारखी सरळ असते आणि रस्त्याची कड, पांढरा पट्टा, पुढचे दहा-वीस मीटर एवढेच त्याने दाखवायचे असते. लांब पल्ल्याचा दिवा, म्हणजे ड्रायव्हिंग लाइट, अरुंद आणि दूर जाणारा झोत टाकतो. तो हेडलाइटच्या अप्परचा जोडीदार आहे. अप्परबरोबर त्याने लागायचे आणि डिपर देताच अप्परबरोबरच विझायचे. त्याची सगळी वायरिंग या एका अटीभोवती रचलेली असते, आणि ही अट सर्वांत जास्त मोडली जाते ती घाटात, जिथे ती पाळण्याची गरज सर्वांत मोठी आहे.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. वाईहून पसरणीचा घाट पाचगणीला चढतो, साताऱ्याहून मेढ्यामार्गे येणारा रस्ता केळघरच्या घाटाने वर येतो, कोकणातल्या पोलादपुराहून आंबेनळीचा घाट प्रतापगडाला वळसा घालत येतो आणि एक रस्ता कोयनेच्या शिवसागर जलाशयाकडे, तापोळ्याला उतरतो. रात्री या वाटा रिकाम्या नसतात. थंडीत स्ट्रॉबेरीचा हंगाम सुरू झाला, की खोके भरलेल्या पिकअप अंधारात घाट उतरतात. सुट्टी संपवून परतणारे पर्यटक असतात. रस्त्यावर गवाही असतो. गव्याचे अंग काळपट आणि गुडघ्याखालचे पाय पांढरे. डिपरच्या उजेडात आधी हे पांढरे पायच दिसतात. त्यांच्यावर किती मोठे धड उभे आहे ते कळेपर्यंत गाडी जवळ गेलेली असते.

उजेड किती लांबचा हवा, याचा हिशेब अवघड नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोरचे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर तिथेच संपले. कोरड्या डांबरावर ब्रेक लागून थांबायला आणखी २० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर पकड निम्म्यावर आली, तर हे २० चे ४० होतात आणि एकूण अंतर ६५ मीटरांवर जाते. आता डिपर पाहू. जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंचीचा हेडलाइट दर १० मीटरला १० सेंटिमीटर खाली झुकवला असेल, तर त्याच्या झोताची वरची कड ६५ मीटरवर जमिनीला टेकते. म्हणजे उजेड संपतो तिथेच थांबायची जागाही संपते, आणि काळपट रंगाची वस्तू तर त्याच्या बरीच अलीकडे दिसेनाशी होते. अप्पर आणि त्याच्या जोडीचे दिवे ही उणीव भरून काढतात. मात्र प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जातो. दुप्पट लांब पाहायचे तर चौपट तीव्रतेचा झोत लागतो. म्हणून अशा दिव्यात बल्बच्या वॅटइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व आरशाच्या घडणीला असते.

सुरूर फाट्यावरून वाईकडे येणारा रस्ता किंवा पाचगणी ते महाबळेश्वर हा माथ्यावरचा टप्पा, अशा ठिकाणी हे दिवे खरे कामाला येतात. केसपिनीसारख्या वळणावर त्यांचा उपयोग फारसा नाही. तिथे गाडीचे नाक अजून दरीकडे असते आणि दिव्यांचा झोत वाईच्या खोऱ्यावर रिकाम्या हवेत जातो. ड्रायव्हरला हवा असलेला रस्ता त्याच्या उजव्या किंवा डाव्या खांद्याशी, काळोखात असतो. चढाच्या टोकावर हेच दिवे आभाळ उजळतात. घाटासाठी म्हणून लांब पल्ल्याचे दिवे घेणाऱ्याने ही मर्यादा आधी समजून घ्यावी.

आता जोडणी. बऱ्याच हॅलोजन गाड्यांत एच-४ जातीचा बल्ब असतो. त्यात दोन फिलामेंट असतात, अप्परची ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची. मागे तीन पिना: एक अप्परची, एक डिपरची आणि एक दोघींत सामाईक. दोन हेडलाइटांची अप्पर मिळून १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर करंट. जादा दिव्यांची ५५-५५ वॅटची जोडी त्यात आणखी ९ अँपिअरची भर घालते. अप्परची तार सोलून तिलाच दिवे जोडले, तर कंपनीने १० अँपिअरसाठी घातलेल्या तारेतून १९ अँपिअर धावू लागतात. मग तार तापते, स्टिअरिंगजवळच्या दांडीतले स्विचचे पॉइंट काळे पडतात, प्लॅस्टिक जळल्याचा वास येतो. त्याहून वाईट म्हणजे फ्यूज उडतो तो भर रस्त्यात, आणि जादा दिव्यांबरोबर गाडीचे स्वतःचे अप्परही घेऊन जातो. वळणाच्या तोंडाशी समोर एकाएकी अंधार होणे म्हणजे काय, हे घाटात गाडी चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही.

यावरचा उपाय आहे रिले. काडेपेटीपेक्षाही लहान अशा या डबीत तांब्याच्या बारीक तारेचे एक वेटोळे आणि एक जाड पॉइंट असतो. वेटोळ्यातून थोडा करंट गेला की त्याचे चुंबक होते, ते पॉइंट ओढून घेते आणि ‘टक्’ असा आवाज होतो. वेटोळ्याचा रोध साधारण ८० ओहम असतो, म्हणजे ते जेमतेम ०.१५ अँपिअर घेते. अप्परच्या तारेवर भार पडतो तो एवढाच. दिव्यांचा खरा करंट बॅटरीकडून वेगळ्या जाड तारेने येतो. मोठ्या घरात कारभाऱ्याने नुसती खूण करावी आणि जड ओझे गड्याने उचलावे, तशी ही विभागणी आहे.

रिलेच्या पिनांचे आकडे डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातून आले आणि जगभर रूढ झाले. ३० वर बॅटरीचा पॉझिटिव्ह येतो, ८७ वरून तो दिव्यांकडे जातो, ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची दोन टोके. काही रिलेंना ८७ए अशी पाचवी पिन असते. वेटोळे बंद असताना तिच्यात करंट असतो, म्हणून या कामात ती मोकळी ठेवायची आणि टोकाला स्लीव्ह घालून झाकायची. चुकून दिवे ८७ए वर जोडले गेले, तर गाडी बंद करून उभी केली तरी ते जळत राहतात आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडते.

जाड तारेचा मार्ग असा: बॅटरीचा पॉझिटिव्ह, तिथून हातभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, मग रिलेची ३० नंबरची पिन, ८७ वरून दोन्ही दिवे, आणि दिव्यांतून निगेटिव्ह. फ्यूज बॅटरीला खेटून हवा, कारण तो दिव्याचे रक्षण करण्यासाठी नसून तारेला आग लागू नये म्हणून असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा बिनसंरक्षणाचाच राहतो. तो कुठे पत्र्याला घासला, तर त्याला थांबवणारे काही नाही.

बारीक तारेचा मार्ग वेगळा. अप्परच्या तारेवरून एक फाटा डॅशबोर्डवरच्या लहान स्विचमधून ८६ ला येतो आणि ८५ बॉडीला अर्थ होते. अप्पर लागले आणि स्विच चालू असला, तरच रिले ओढतो. दोहोंपैकी एक जरी नसेल तर दिवे बंद. डॅशबोर्डचा स्विच म्हणजे फक्त परवानगी. हुकूम अप्परच्या दांडीचा.

अप्परची तार कोणती हे रंगावरून ठरवू नये. रंग कंपनीगणिक बदलतात. त्यासाठी टेस्ट लॅम्प असतो, टोकदार सळई, आत छोटा बल्ब आणि मागे चिमटा लावलेली वायर. हेडलाइटचा कपलर बल्बवरून काढायचा, चिमटा बॉडीला लावायचा, हेडलाइट चालू करून सळई एकेका पिनेला टेकवायची. डिपरवर एक पिन पेटते, दांडी अप्परवर नेली की दुसरी पेटते आणि तिसरी कधीच पेटत नाही. अशी गाडी सोपी. तिसरी पिन निगेटिव्ह, दुसरी अप्परची.

काही गाड्यांत मात्र, विशेषतः जपानी घडणीच्या, निकाल उलटा येतो. एकच पिन कायम पेटलेली आणि बाकीच्या दोन दोन्ही वेळा मुक्या. इथे पॉझिटिव्ह सामाईक आहे आणि दांडीचा स्विच अप्पर किंवा डिपरला निगेटिव्ह देतो. या गाडीत नेहमीसारखी जोडणी केली, तर मोठा चमत्कारिक प्रकार होतो: जादा दिवे डिपरवर लागतात आणि अप्पर दिले की विझतात. अनेक कारागीर मग रिले बदलून पाहतात, दुसरा आणतात, तोही तसाच वागतो. दोष रिलेचा नसतो. डिपर चालू असताना अप्परच्या फिलामेंटच्या एका टोकाला पॉझिटिव्ह असतोच. दुसरे टोक मोकळे असल्याने तोच पॉझिटिव्ह फिलामेंटमधून पलीकडे अप्परच्या तारेवर येऊन उभा राहतो आणि ०.१५ अँपिअर मागणाऱ्या वेटोळ्याला तेवढा पुरतो. अप्पर दिले की त्या तारेला निगेटिव्ह मिळतो आणि वेटोळे सुटते. अशा गाडीत ८५ अप्परच्या तारेला जोडायची आणि ८६ ला स्विचमधून हेडलाइटचा सामाईक पॉझिटिव्ह द्यायचा. मग डिपरवर वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना पॉझिटिव्ह येऊन ते निपचित राहते आणि अप्परवर ओढते. ८६ ला थेट बॅटरी देऊ नये. तसे केले, तर हेडलाइट बंद असतानाही दांडी अप्परवर राहिली की जादा दिवे लागतील.

गेल्या काही वर्षांतल्या गाड्यांत दांडी कॉम्प्युटरला नुसता निरोप देते आणि बल्बला करंट द्यायचे काम एक नियंत्रक पेटी करते. ही पेटी प्रत्येक तारेतला करंट मोजत असते. परका फाटा दिसला की डॅशबोर्डवर दोष दाखवते किंवा ती वाट बंद करते. एलईडी हेडलाइटला तर अनेकदा अखंड करंटऐवजी वेगवान ठोक्यांनी दिलेला करंट जातो आणि त्यावर साधा रिले तडतडतो. अशा गाडीत तार सोलण्याच्या फंदात पडू नये. तिच्या पद्धतीशी जुळणारा तयार हार्नेस घ्यावा, नाहीतर दिवे बसवण्याचा विचार सोडावा. साध्या गाडीतसुद्धा डायोड किंवा रोध आत असलेला रिले घेणे शहाणपणाचे, कारण वेटोळे सुटते त्या क्षणी त्यातून उलट दिशेचा मोठा व्होल्टेज उसळतो आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक्सला तो सोसत नाही. आत डायोड असेल तर ८६ ला पॉझिटिव्ह हे बंधन पाळावेच लागते. ट्रक आणि एसटीच्या २४ व्होल्टच्या गाड्यांना रिले आणि बल्बही २४ व्होल्टचेच लागतात.

तारेच्या जाडीत काटकसर केली, की दिवे पिवळट दिसतात. मग बल्बला दोष दिला जातो. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या जवळपास साडेतीनाव्या घातात बदलतो. व्होल्टेज १० टक्के पडले, तर उजेड ३० टक्के जातो. १ चौरस मिलिमीटरच्या २ मीटर तांब्याच्या तारेतून ९ अँपिअर नेले, तर तिच्यातच सुमारे ०.३ व्होल्ट खर्ची पडतात. २.५ चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर ही गळती निम्म्याहून खाली येते. बारीक तारेला, म्हणजे स्विच आणि वेटोळ्याच्या मार्गाला, ०.७५ ची तार भरपूर झाली. काम झाल्यावर मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे दिव्याच्या पॉझिटिव्हला लावून, दिवे जळत असताना आकडा पाहावा. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर जोडणी चांगली. मग हीच तपासणी निगेटिव्ह बाजूने करावी. अंधूक दिव्यांचे मूळ बहुधा इथे सापडते.

अर्थिंगची ही दुखरी बाजू महाबळेश्वरात जास्तच दुखते. वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या गावात बंपरमागचा स्क्रू एका पावसाळ्यात गंजतो. रंगावरच घट्ट केलेला अर्थ पहिल्या दिवशी चालतो, श्रावण सरेपर्यंत रोध धरतो. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढावा, दातेरी वायसर घालून तारेच्या टोकाचा लग घट्ट करावा आणि वरून ग्रीस फासावे. त्याहून बरे म्हणजे दोन्ही दिव्यांचे निगेटिव्ह सरळ बॅटरीपर्यंत न्यावेत. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोड पावसात टिकत नाही. चिकटपट्टी सुटते, पाणी केशिकांतून चढावे तसे तारेच्या धाग्यांतून आत चढते आणि तांबे हिरवे पडते. दाबून बसवलेला लग, त्यावर गरम करून आवळलेली स्लीव्ह आणि रबरी सील असलेला कपलर हीच इथली रीत हवी. रिले तोंड खाली करून, चाकाच्या चिखलापासून दूर, इंजिनाच्या कप्प्यात उंच बसवावा. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत जाणारी बारीक तार रबरी ग्रॉमेटमधून न्यावी; धारदार पत्र्याच्या भोकातून नेलेली तार घाटातल्या हादऱ्यांनी कापली जाते.

एवढे सगळे टाळून एक सोपी वाट अनेक जण घेतात. दिवे बॅटरीवर थेट, मध्ये एक स्विच, अप्परशी संबंध नाही. खर्च कमी, दिवे हवे तेव्हा लागतात. अरुंद घाटात समोरून गाडी आली की या जोडणीचे रूप दिसते. ड्रायव्हर सवयीने डिपर देतो. हेडलाइट खाली जातात, जादा दिवे तसेच समोरच्याच्या डोळ्यांत राहतात. ते विझवायला एक हात स्टिअरिंगवरून काढून डॅशबोर्ड चाचपावा लागतो, तोही वळणात. बहुतेक वेळा तो विझवतच नाही. समोरच्याच्या डोळ्यांपुढे पांढरा पडदा येतो आणि डोळे पुन्हा अंधाराला सरावायला काही सेकंद जातात. वय जास्त असेल तर आणखी. ताशी ४० च्या वेगानेही तीन सेकंदांत गाडी ३३ मीटर जाते. इतके अंतर दरीच्या कडेने आंधळेपणी कापावे लागते. ट्रकच्या मागे ‘यूज डिपर ॲट नाइट’ असे रंगवलेले असते ते याच कारणाने, आणि रिलेची जोडणी ती विनंती तारेतच बांधून टाकते. बोटाच्या एका हालचालीत चारही दिवे एकदम शांत होतात.

कायद्याचे म्हणणेही हेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम पुढच्या दिव्यांच्या चकाकीचा आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, उजव्या दिव्याच्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, अशा माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. तसे दिपवणारा दिवा चालेल, पण त्याचा झोत ड्रायव्हरला खाली झुकवता आला पाहिजे किंवा एकाच क्रियेने तो विझून नियमात बसणारा झोतच मागे राहिला पाहिजे. रिलेच्या जोडणीचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही. १११ वा नियम गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावायला नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय मनाई करतो. टपावर लावलेली एलईडीची लांब पट्टी रस्त्यावर पेटवणाऱ्याने तो वाचावा. तिचा झोत विस्कळीत असतो आणि उंचीमुळे समोरच्याच्या काचेत थेट शिरतो.

दिवे बसवायचे ते हेडलाइटच्या पातळीवर किंवा खाली, दोन्ही सारख्या उंचीवर आणि रेडिएटरची हवा न अडवता. जाळीवर नुसत्या पट्टीने लटकवलेला दिवा थरथरतो आणि त्याचा झोत दूरवर नाचतो. रोख ठरवायला सपाट जागा आणि भिंत लागते. गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी, टायरात हवा योग्य हवी, ड्रायव्हरच्या जागी कोणीतरी बसलेले हवे. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखून झोताचा सर्वांत तेजस्वी ठिपका त्या रेषेवर किंवा बोटभर खाली आणायचा आणि दोन्ही ठिपके सरळ पुढे ठेवायचे. पिकअपची गोष्ट वेगळी. मागे माल भरला की नाक वर उठते आणि रिकाम्या गाडीवर साधलेला रोख झाडांच्या शेंड्यांवर जातो. जी गाडी रोज भरूनच घाट उतरते, तिचा रोख भरलेल्या गाडीवरच ठरवावा.

आता धुके. जूनपासून महाबळेश्वरात जे धुके म्हणतात ते खाली उतरलेले ढगच असतात. त्यातले थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात की सर्व रंग जवळपास सारखेच विखुरले जातात. पिवळी काच धुके भेदते हा समज त्यामुळे फारसा टिकत नाही. लांब पल्ल्याचा झोत या थेंबांवर आपटून ड्रायव्हरच्याच डोळ्यांत परत येतो. जितका जोराचा दिवा, तितकी समोरची भिंत पांढरी. म्हणून वेण्णा तलावाशी ढग रस्त्यावर बसलेला असताना अप्पर आणि त्याचे सोबती दोन्ही बंद हवेत. डिपर आणि खाली बसवलेले खरे फॉग तेवढे चालू ठेवावे आणि वेग माणसाच्या चालीवर आणावा लागला तरी आणावा. फॉगची जोडणी या कारणाने अप्परपासून पूर्ण वेगळी असते: स्वतंत्र रिले, स्वतंत्र फ्यूज, स्वतंत्र स्विच, आणि रिलेच्या वेटोळ्याला करंट पार्किंग लाइटच्या तारेवरून.

पावसाळाभर डॅशबोर्डचा स्विच बंद राहिला की दसऱ्याच्या सुमारास एकदा सगळे उघडून पाहावे लागते. कपलर ओढून पिनांवर हिरवट थर आहे का, दिव्याच्या काचेआत दव धरले आहे का, अर्थच्या लगाखाली गंज आहे का. खंडेनवमीला गाडीच्या नाकावर बांधलेले झेंडूचे तोरण रात्री निघण्याआधी दिव्यांवरून सोडवावे. ५५ वॅटच्या हॅलोजनची काच चांगलीच तापते. शेवटची चाचणी कायद्याने सांगितलेल्या जागीच करावी. अंधार पडल्यावर सपाट रस्त्यावर गाडी उभी करून एकाने पुढे ८ मीटरवर, उजव्या दिव्याच्या थोडे बाहेर उभे राहायचे. दुसऱ्याने अप्पर द्यायचे: चार दिवे. मग दांडी ओढून डिपर: इंजिनाच्या कप्प्यातून ‘टक्’ ऐकू येते आणि पुढे उभ्या असलेल्याला गाडीची नंबरप्लेट वाचता येऊ लागते.